मुखपृष्ठावरचा तीळ

ठकीनं पन्नाशी गाठली, ग्रंथालयात तिच्या शब्दाला वजन आलं, तरी मामाच्या लेखी ती ठकीच. या ठकीच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक खूळ शिरलं होतं. आपल्या खोऱ्यात छापून निघालेल्या फोटोंच्या पुस्तकांचा इतिहास लिहायचा. लोक तोंडावर कौतुक करत आणि पाठ वळली की विचारत, अशी पुस्तकं निघाली तरी किती?

निघाली होती, चांगली कपाटभर निघाली होती. सगळ्यात जुना होता पुलाच्या बांधकामाचा अल्बम, हातानं एकेक फोटो चिकटवलेला. त्यात माणसं उभी केली होती ती खांबाची उंची कळावी म्हणून. मग शाळेच्या महोत्सवाचं पुस्तक, ज्यात देणगीदार पानभर आणि मुलं मोहरीएवढी. मग महापुराचं, इतक्या घाईनं छापलेलं की बोटाला शाई लागावी. आणि त्यानंतर मामाचं, ‘खोऱ्यातली कामकरी माणसं’. लोहार, धोबीण, नावाडी, गवंडी. कुणाची उंची मोजायला किंवा कुणाचं कौतुक करायला नव्हे, फक्त त्यांच्याकडे नीट बघायला काढलेले फोटो. ठकीच्या मते खोऱ्यातलं फोटोंचं खरं पुस्तक ते हेच, आणि मामाचं म्हणून ती हे म्हणत नव्हती.

पंचाईत एकच होती. पुस्तक काढलं मामानं, छापलं तिच्या बाबांनी, आणि छापून आलं त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

कारण मुखपृष्ठ. त्यावर होती ठकीची आई, मामाची थोरली बहीण. बाबांच्या छापखान्यात पानं जुळवता जुळवता तिनं मान वर केली, हसली, आणि मामानं नेमकी ती वेळ पकडली. पण छापताना फोटो उलटा पडला. आईच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला. प्रकाशनाला शाळेचं सभागृह भरलेलं. मामानं पहिली प्रत हातात घेतली, बघितली, आणि माईकवरच म्हणाला, “ज्या माणसाला स्वतःच्या बायकोचा तीळ कुठल्या गालावर आहे ते कळत नाही, त्याच्या हाती मी माझं पुस्तक दिलं.” सभागृह खदखदून हसलं. बाबा उठले आणि घरी निघून गेले.

मामाचा राग नेहमीच नाकाच्या शेंड्यावर. राग ओसरल्यावर तो आला असता, पण तोवर लाज आडवी आली. बाबा तर हाडाचे मुखदुर्बळ. मधल्यामध्ये आईचं माहेर तुटलं. भाऊ चार गल्ल्या पलीकडे राहतो आणि भेट होते ती परक्या लग्नात, हे तिनं कसं सोसलं ते तिचं तिला ठाऊक.

आता ठकीचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि त्यात ते मुखपृष्ठ घ्यायला मामाची परवानगी हवी होती. मामाचा स्टुडिओ कधीच बंद झाला होता, पण तो अजून तिथंच बसायचा, रंग उडालेल्या पडद्यासमोर, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर.

“देतो की परवानगी,” तो म्हणाला. “फक्त खाली एक ओळ टाक. मुद्रकाच्या हलगर्जीपणामुळे छायाचित्र उलटं छापलं गेलं.”

“मामा, अरे बाबा आता ऐंशीला टेकले. त्यांच्या लेकीनं हे लिहायचं?”

“इतिहास लिहितेस ना? मग खरं लिही. नाहीतर माझं पुस्तक वगळ.”

ठकीला राग आला आणि रडूही आलं. ते पुस्तक वगळलं तर तिच्या इतिहासाला काही अर्थच उरत नव्हता, आणि ती ओळ घातली तर बाबांचा तो पाणउतारा आता कायमचा ग्रंथालयांच्या कपाटात जाणार होता. मामानं तेवढ्यात मूळ फोटो काढून तिच्या हातात ठेवला. “घेऊन जा. घरी दाखव. कळू दे.”

घरी बाबा बाहेरच्या खोलीत कोऱ्या कागदाच्या कातरणी सुरीनं सारख्या करत बसले होते. छापखाना विकला तरी हाताची सवय जात नव्हती. ठकी त्यांना चुकवून आत गेली आणि तिनं आईसमोर दोन्ही ठेवलं, पुस्तक आणि मूळ फोटो.

आईनं चष्मा पुसून पुसून बघितलं. मग बोट ठेवलं मूळ फोटोवर. “हा उलटा आहे.”

“आई, हा मामाचा मूळ फोटो आहे. पुस्तकातला उलटा आहे.”

“मला शिकवू नकोस. माझं तोंड मला माहीत नाही?” आई म्हणाली, आणि मग जरा घुटमळून, आवाज खाली घेऊन बोलली. “कुणाला सांगू नकोस. मुखपृष्ठाची फिल्म आली तेव्हाच उलटी काढलेली होती. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर मांडणी मीच करायचे. बघितलं तर मी मला ओळखूच येईना. म्हणून मीच ती पालटून सरळ केली. तुझ्या बाबांनी बरोबरच छापलंय. चुकला तो माझा भाऊ. पण एवढ्या लोकांत त्याला खोटं कसं पाडायचं? फोटोग्राफर माणूस, पोटावर पाय आला असता त्याच्या. बसले मूग गिळून.”

ठकी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. आईनं स्वतःचा चेहरा पाहिला होता तो जन्मभर आरशात, म्हणजे उलटाच. लग्नातला फोटो मामाच्या स्टुडिओतला, आणि तेव्हा स्टुडिओत डाग-तीळ बारीक ब्रशनं पुसून द्यायची रीत. सख्ख्या बहिणीचा तीळही मामानं इमानेइतबारे पुसला होता. तीळ राहिलेला फोटो हाच काय तो पहिला.

तिनं पेन घेतलं आणि स्वतःच्या डाव्या गालावर, आईच्या तिळाच्या जागी, एक ठिपका काढला. आईसमोर उभी राहिली आणि हसली. तोंडवळा आईचाच होता. “आता सांग, मी कुठल्या फोटोसारखी दिसते?”

आईनं तिच्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, मूळ फोटोकडे बघितलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. ती म्हणाली, “अगं बाई. म्हणजे मीच?”

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः भावाला फोन लावला. “आजच्या आज ये. आणि डोकं शांत ठेवून ये.”

मामा आला, पण उंबऱ्यातच उभा राहिला. बाबांनी सुरी बाजूला ठेवली आणि समोरच्या खुर्चीवरचे कागद उचलले. मामा बसला. आईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केलेलं सांगावं तसं. शेवटी म्हणाली, “तुम्हा दोघांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.”

मामाचा चेहरा पडला. तो बाबांकडे वळला. “भावोजी, मी तुम्हाला भर सभेत नाही नाही ते बोललो. तुम्हाला तरी काय कल्पना.”

“होती की,” बाबा म्हणाले.

तिघंही त्यांच्याकडे बघायला लागली.

“छपाईची प्लेट करायला घेतली तेव्हाच दिसलं. फिल्मची चकचकीत बाजू वर आलेली, म्हणजे उलटी लागलेली. आणि तीळ भलत्या गालावर. मला तीळ माहीत नाही होय?” बाबा कागदाच्या कडा टेबलावर आपटून सारख्या करत होते, कुणाकडे न बघता. “सभेत सांगितलं असतं तर लोक हिला हसले असते. मला हसले, ते बरं झालं.”

“पण छापायच्या आधी पालटता आली असती ना,” मामा म्हणाला. “एका मिनिटाचं काम.”

“पालटायला हात घातलाच होता मी. हिला विचारलं, ही अशी का लावलीस? तर हसून म्हणाली, आता कशी मी माझ्यासारखी दिसते.” बाबांनी कागद खाली ठेवले. “मग मी नाही पालटली.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. मामा ठकीला म्हणाला, “ती हलगर्जीपणाची ओळ खोड.”

“मग खाली काय लिहू?”

“लिही,” मामा म्हणाला, “मुखपृष्ठाची मांडणी, जिचा फोटो तिचीच.”