शेपूट वर, अंग ताठ

मी बोलतोय, पण माझ्या तोंडाकडं बघू नका. तोंड उघडून दात मोजणारे पुष्कळ भेटले. माझ्या शेपटीकडं बघा.

मी बेळगावच्या कॅम्पातला घोडा. पलटणीसाठी मला तयार करत होते. छाती अरुंद निघाली, म्हणून शिक्षण अर्ध्यावर टाकून लिलावात उभा केला. तिथं येळ्ळूरचे आण्णाप्पा आले. पांढऱ्या मिशा, मोठा आवाज, अक्कल बेताची. माझ्या गळ्याखालचा केसांचा भोवरा बघून ते ओरडले, "देवमण हाय रं! ह्ये घोडं ज्याच्या दारात, त्याला कशाची कमी न्हाय." पाठीवरून हात फिरवायचं काही त्यांना सुचलं नाही. ते घोडं घेत नव्हते, नशीब घेत होते.

त्यांचा मुलगा भरमू मला टांग्याला जुंपायचा. स्टेशन ते येळ्ळूर. एकदा भरलेला टांगा खड्ड्यात गेला आणि माझी कंबर लचकली. तेव्हापासून माझी शेपटी डावीकडं कलली. अंग फळीसारखं झालं. उजव्या कुशीवरची माशी हाकलायला मान वळेना.

आण्णाप्पा म्हणाले, "नाटकं करतंय." मग म्हणाले, "दृष्ट लागली." लिंबू-मिरची बांधली. देवमणाचं घोडं दुखणाईत असेलच कसं? म्हाताऱ्यांचं असं असतं. एकदा बोलले की डोळे मिटून घेतात. मी तर त्यांच्या हातातला गूळही हुंगून बघायचो.

बघितलं ते सुनेनं, नागुबाईनं. शेण भरता भरता ती थांबली. "मामा, ह्येची शेपटी सरळ पडंना. पाठीला हात लावला की अंग चोरतंय."

"बाईमाणसानं घोड्याच्या शेपटीत लक्ष घालू नये," आण्णाप्पा म्हणाले. भरमू खाली मान घालून पट्टे पुसत राहिला. बापापुढं त्याचं तोंड कधी उघडलंच नव्हतं.

त्यातच कंग्राळी गावातलं लग्न आलं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवानं देवमणाच्या घोड्यावरून यायचं, असा शब्द आण्णाप्पा देऊन बसले होते. कललेल्या शेपटीचं घोडं कोण बघणार? देवळामागं नेऊन त्यांनी माझ्या शेपटीखाली आल्याचा तुकडा सारला.

आग आग झाली. शेपटी ताडकन वर.

"काय रुबाब हाय!" पारावरचे म्हातारे टाळ्या पिटू लागले.

मी ठरवून टाकलं होतं, पाठीवर भार पडला की उधळायचं. नवरदेव पडला असता. मग माझं काय झालं असतं, तेही मला ठाऊक होतं. खोडील घोड्याला कुणी दारात ठेवत नाही.

नवरदेव रवळू रिकिबीत पाय घालणार, तेवढ्यात नागुबाई पुढं आली. "भाऊ, चढायच्या आधी खोगिराच्या मागं हात लावून बघ."

"ए, सर मागं!" आण्णाप्पा खेकसले.

"शेपूट हसतंय मामा, आंग रडतंय. पोरगं पडलं तर त्याच्या आईला तुम्ही तोंड दाखवणार?"

रवळूनं हात ठेवला. मी कळ येऊन खाली दबलो. त्यानं पाय काढून घेतला आणि मुंडावळ्या सावरत म्हणाला, "मी चालत जातो."

"नवरदेव पायी? लाज घालवलीस!" सगळे म्हातारे एकदम ओरडले. पण तो निघालाच. मागून वाजंत्री निघाली, नाइलाजानं.

आण्णाप्पांनी राग काढायला चाबूक उचलला. मला नवल वाटलं नाही. नवल पुढं घडलं. भरमूनं तो हवेतच धरला.

"बास, आप्पा."

एवढंच बोलला.

आता मी गोठ्यात उभा आहे. टांगा बंद, घरात धुसफूस. नागुबाई मिठाच्या पुरचुंडीनं पाठ शेकते. तुम्ही घोडं घ्यायला जाल, तेव्हा वर उठलेल्या शेपटीला भुलू नका. अंग बघा, हात फिरवा, आणि वडीलधारे "रुबाब" म्हणाले तर दोनदा फिरवा.

भरमू आज माझ्याजवळ येऊन उभा राहिला. चाबूक धरला म्हणून तो माझा झाला, असं मी मानत नाही. तोच हात रोज लगाम ओढायचा. त्यानं पाठीवर तळवा ठेवला, हळू. मी अंग चोरलं.

त्यानं हात काढून घेतला, आणि तिथंच वाट बघत थांबला.