ग्रंथी उठले नाहीत

शिंपी शेजारी येऊन बसला, ओळ कुठे आहे ते त्याने नजरेने शोधलं आणि गुरुद्वाऱ्यात पाठ वाचणाऱ्या ग्रंथींच्या आवाजात आपला आवाज हलकेच मिसळला. आता दोन-चार ओळी दोघांनी बरोबर वाचायच्या, मग आधीच्याने गप्प होऊन बाजूला सरकायचं, ही बारी बदलायची रीत. गुरू ग्रंथसाहिबाचा अखंड पाठ दोन दिवस आणि दोन रात्री न तुटता चालतो तो एवढ्याच गोष्टीवर. माणसं बदलतात, आवाज थांबत नाही.

ग्रंथी गप्प झाले नाहीत. नजर ओळीवरच ठेवून त्यांनी डावा हात जरासा वर केला. थांब.

शिंपी गोंधळला. त्याची बारी अजून यायची होती. टॅक्सीवाल्याने त्याला शिलाई मशीनवरून उठवून, हातपाय धुवायला लावून जवळजवळ ढकलतच आत पाठवलं होतं. टॅक्सीवाला स्वतः दारात उभा होता, मुठीत गाडीची किल्ली, पगडी एका बाजूला कललेली. वाचणाऱ्याशी मध्येच बोलत नाहीत, म्हणून त्याने हाताने कमरेएवढी उंची दाखवली, कानाशी फोन धरल्यासारखं केलं आणि दोन्ही हात जोडले. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. कमरेएवढी उंची म्हणजे ग्रंथींची मुलगी. फोन म्हणजे हॉस्पिटल. ग्रंथींना पहिल्या झटक्यात सगळं समजलं होतं.

आणि तरीही ते वाचत राहिले.

हा पाठ मुलीसाठीच होता. गुरुद्वारा म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल, रबराचा वास कायमचा मुरलेला. मागच्या दोन खोल्यांत ग्रंथी, त्यांची बायको आणि मुलगी राहायची. ग्रंथी पहाटे ग्रंथसाहिब आणून गादीवर ठेवायचे, उघडायचे, रात्री मिटून, वस्त्रांत गुंडाळून शेजारच्या छोट्या खोलीतल्या पलंगावर निजवायचे. दहा गुरू होऊन गेले, त्यांच्यानंतर ग्रंथ हाच गुरू आणि तो जिवंत, म्हणून त्याच्या पानाला पान म्हणायचं नाही, अंग म्हणायचं. थंडीच्या दिवसांत त्यावर रजईसुद्धा घालायची. हे सगळं ग्रंथी चोख करायचे. एरवी माणूस चारचौघांसारखा, किंबहुना थोडा वेंधळाच. बायको म्हणायची, "एवढी अंगं न चुकता वाचता आणि कांदे आणायला सांगितले की नेमके तेच कसे हो विसरता?"

मुलीला ते वकीलबाई म्हणायचे. सात पुरी होऊन आठवं लागलं होतं. हृदय जन्मापासून नाजूक, त्यामुळे धावणंपळणं बंद, मग सगळी ताकद जिभेवर.

"बाबा, गुरूंना थंडी वाजते?" रजई घालताना तिने एकदा विचारलं होतं.

"वाजते असं समजून आपण काळजी घ्यायची."

"म्हणजे वाजते की नाही?"

"वाजते, बाई, वाजते. धर ते टोक."

बापाला असं पेचात पकडलं की तिला कोण आनंद व्हायचा! आणि त्यालाही.

यंदा थंडीत तिला ताप आला, तो छातीत उतरला आणि ती हॉस्पिटलात गेली ती परत आलीच नाही. पहिल्याच दिवशी हाताला सुई लावायची होती. नर्स खोळंबून उभी, मुलगी हात पाठीमागे घेऊन बसलेली. तिने विचारलं, "आठवे गुरू रडले होते का?"

आठव्या गुरूंची गोष्ट तिची सगळ्यांत लाडकी. पाचव्या वर्षी गुरू झालेलं पोर. शहरात देवीची साथ आली तेव्हा रोग्यांची सेवा करत फिरलं, मग स्वतःलाच देवी आल्या आणि आठवं वर्ष पुरं व्हायच्या आत गेलं. आपल्याच वयाचे गुरू आहेत, याचं तिला भारी अप्रूप होतं.

"नाही," ग्रंथी घाईघाईने म्हणाले. "गुरू कधी रडत नसतात. आण बघू हात."

तिने हात पुढे केला. खालचा ओठ दातांत धरला. सुई गेली तरी हूं की चूं नाही. वॉर्डभर कौतुक झालं. नर्सने इतर पोरांना तिचं उदाहरण दिलं आणि ग्रंथींना त्या क्षणी अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. बायकोला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. "रडू द्या की तिला," ती बाहेर येऊन म्हणाली. "पोर आहे ती. दुखतंय तिला." पण त्या दिवसापासून मुलगी रडलीच नाही. ओठ मात्र आतून सोलवटून निघाला.

पाठ सुरू व्हायच्या आदल्या दुपारी ती बरी वाटत होती. ग्रंथी तिच्या उशाशी होते.

"आठवे गुरू म्हणाले ना, माझ्यामागे कुणी रडू नका?"

"हो."

"म्हणजे कुणीतरी रडत होतं. नाहीतर उगाच कोण कशाला सांगेल?"

ग्रंथी हसले. "बरोबर आहे वकीलबाई."

"त्यांची आई असणार. हात कुणी धरला होता त्यांचा?"

"आईनेच धरला असेल."

"आणि बाबांनी?"

"वडील आधीच गेले होते. म्हणून तर ते एवढ्या लहानपणी गुरू झाले."

तिने पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग त्यांना वाटलं असेल ना, बाबा पाहिजे होते."

ही गोष्ट ग्रंथींनी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. लोक माना डोलवायचे, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पण त्या तापलेल्या पोराला बाबा पाहिजे असतील, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते गडबडले आणि त्यांच्या तोंडून नेहमीचंच निघालं. "गुरूंना असं काही वाटत नसतं, बाळा."

"बरं," ती म्हणाली. एरवी ती एवढ्यावर सोडणारी नव्हती.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता औषधांच्या हातात फारसं काही उरलेलं नाही. ग्रंथींनी मान हलवली आणि बारी होती म्हणून ते इकडे आले. बायको म्हणाली होती, "आज राहा ना." ते म्हणाले, "तिच्यासाठीच तर वाचतोय."

आणि आता शिंपी मांडीला मांडी लावून बसला होता, तोंडाने तीच ओळ धरून, तयार. उठायचं आणि जिना उतरायचा, एवढंच होतं. पाठाला धक्का लागणार नव्हता. ग्रंथींचा आवाज स्वच्छ होता, शब्द शब्दावर बरोबर पडत होता, बोट अंगाच्या कडेवर होतं. फक्त पाय उठत नव्हते. या ओळीनंतर उठू, असं त्यांनी ठरवलं. ती ओळ संपली. हा भाग संपला की, असं ठरवलं. तो भागही संपला आणि त्यांनी अंग उलटलं.

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं, ग्रंथीजींची काही मन्नत असेल, आपण कोण मध्ये पडणारे? तो गप्प झाला आणि हात जोडून बसून राहिला. दारातल्या टॅक्सीवाल्याने दोनदा किल्ली वाजवली, मग आपणच शरमून मूठ आवळली.

शेवटी ग्रंथींचा आवाज चिरकला. एक शब्द घशातच राहिला आणि शिंप्याने तो तत्परतेने उचलला. पाठ तुटला नाही. ग्रंथी बाजूला सरकले, माथा टेकला आणि उठताना तोल जाऊन भिंतीवर आदळले, कारण पाय खरोखरच बधिर झाले होते.

टॅक्सीत टॅक्सीवाला सारखा बोलत होता. शांतता त्याला सोसवत नव्हती. "आत्ता पोचतो बघा. या रस्त्याला गर्दी नसते या वेळेला. धीर धरा ग्रंथीजी. गुरू सगळं बघतात."

वॉर्डात मुलीच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. यंत्राचा आवाज बंद होता. बायको स्टुलावर बसली होती, मुलीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. तिने वर पाहिलं नाही.

"गेली," ती म्हणाली. "आत्ताच. हात अजून गरम आहे, बघा."

ग्रंथींनी हात लावला. गरम होता.

"मी तिला म्हटलं, बाबांना बोलावलंय, येतायत. तर मलाच रागावली. कशाला बोलावलंस म्हणे, ते उठले तर पाठ मोडेल." बायको एकसारख्या आवाजात बोलत होती, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी. "मग दाराकडे बघत राहिली. बघायची आणि म्हणायची, यायला नकोत. पुन्हा बघायची. ओठ दातांत धरलेला. मी म्हटलं, रड गं बाई, रड एकदा. नाही रडली."

ग्रंथी पलंगाच्या कडेला धरून उभे होते. गप्प राहणं अगदी सोपं होतं. मुलीने स्वतःच त्यांना सोडवून ठेवलं होतं. पाठ मोडू नये म्हणून बाप आला नाही, असं म्हटलं की जगाचंही समाधान झालं असतं.

"मोडला नसता," ते म्हणाले.

"काय?"

"पाठ. शिंपी आला होता. माझ्या शेजारी येऊन बसला होता."

बायकोने आता वर पाहिलं. "कधी?"

"तुझा फोन आला तेव्हाच. टॅक्सीवाल्याने लगेच त्याला आणलं. मी उठलो नाही."

"का?"

"भीती वाटली. वाचत होतो तोवर ती होती. उठलो, इथे आलो, आणि..." त्यांनी मुलीच्या हाताला पुन्हा हात लावला. "वाचत होतो तोवर ती होती गं."

"होतीच हो," बायको म्हणाली. "तुम्ही वाचत होता तेव्हा ती इथेच होती. दाराकडे बघत होती."

ग्रंथी मटकन खाली बसले, फरशीवर, औषधांच्या ट्रॉलीला टेकून. आणि ते रडले. मोठ्याने, वेडंवाकडं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. लोकांच्या घरी दुःखाच्या प्रसंगी जाऊन त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं की देवाची इच्छा मानावी, अश्रू आवरावेत. आता पडद्यापलीकडे कुणाचीतरी आई आपल्या पोराला जवळ घेऊन कान देऊन बसली होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"ते रडले असणार," ते म्हणाले. "आठवे गुरू. पोरच होतं ते. अंगभर देवी, परकं शहर, बाप नाही. रडलेच असणार. मी तिला उगाच सांगितलं."

"मला काय सांगता आता?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ग्रंथींना बरं वाटलं असतं.

टॅक्सीवाला पडद्याशी येऊन घुटमळला. गुरुद्वाऱ्यातून फोन होता. पाठ चालू ठेवायचा ना, असं विचारत होते. ग्रंथींनी तोंड फिरवलं. उत्तर बायकोनेच दिलं. "चालू राहू दे. तिला मोडायला नको होता."

मग नर्सने कोमट पाण्याचं भांडं आणलं. बायकोने मुलीचं अंग पुसलं, धुतलेले कपडे घातले. "वडिलांनी बाहेर थांबलं तरी चालेल," नर्स हळूच म्हणाली. ग्रंथी बाहेर गेले नाहीत, पण पुढेही झाले नाहीत, पलंगाच्या पायथ्याशी नुसते उभे राहिले. बायकोने लाकडी कंगवा काढला. मुलीचे लांब केस उशीवर मोकळे करून मधोमध भांग पाडला आणि एका बाजूची वेणी घालायला घेतली. रोज सकाळी घालायची तशीच, घट्ट, एक पेड चुकीचा नाही. टोकाला गाठ मारली.

"दुसरी मी घालू?" ग्रंथींनी विचारलं.

बायकोने कंगवा उशीवर ठेवला आणि ती जरा मागे सरकली.

आपले केस ते रोज विंचरून वर बांधत, पण वेणी त्यांनी जन्मात घातली नव्हती. तीन भाग करायचे इतकं माहीत होतं. ते केले, तर एक जाड आणि दोन बारीक झाले. इतकी वर्षं ग्रंथाची अंगं अलगद उलटणारी बोटं, पण केस त्यांतून निसटत होते. त्यांनी वेणी सोडली, पुन्हा घातली. मध्येच एक बट बाहेर राहिली, ती कोंबायला गेले तर वरचा पेड सैल पडला. बाहेर टॅक्सीवाला येरझारा घालत होता, नर्सला दुसरीकडे बोलावणं आलं होतं, पण कुणी घाई केली नाही. कशीबशी त्यांनी टोकाशी गाठ मारली. वेणी मानेपाशीच वळून बाजूला गेली होती.

नर्स पुढे झाली. "ही सोडून नीट घालून देऊ का, ताई?"

बायकोने दोन्ही वेण्या उचलून मुलीच्या खांद्यांवरून पुढे घेतल्या.

"नको," ती म्हणाली. "असू दे ती तशीच."