पहिला घास थोरल्याचा

मित्रांनो, मी उंदीर पकडायचा एक जुना पिंजरा आहे. माझ्या तारा गंजल्या आहेत, दार जरा वाकडे पडते आणि लाकडी तळावर एक काळपट डाग आहे. तो कितीही घासला तरी निघत नाही. अलीकडे माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पिंजऱ्याला कसला आलाय जीव, असे तुम्ही म्हणाल. पण तोंड उघडून वाट पाहत बसणे हेच ज्याचे काम, त्याच्या डोक्यात विचार येणार नाहीत तर काय होईल?

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो बादल्या, नरसाळी आणि पिंजरे बनवी. माझ्या दाराची स्प्रिंग त्याने पुन्हा पुन्हा काढून बसवली. शेजारचा दुकानदार म्हणाला, "अरे, उंदरासाठीच आहे ना? राजवाड्याचं दार बनवल्यासारखा काय बसलास?" पत्रेवाला मान वर न करता म्हणाला, "दार पडलं पाहिजे, पण शेपूट तुटता कामा नये. गिऱ्हाइकाला अख्खा उंदीर हवा असतो, त्याचा तुकडा नको." मला जिवंत पकडायला शिकवले ते असे.

मला विकत घेतले एका धान्याच्या गोदामाच्या मालकांनी. गोदाम उंच होते. आत कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांच्या थप्प्या, दाराशी मोठा वजनकाटा आणि सगळीकडे कोंड्याची धूळ. अगदी वर, छताच्या तुळईवर, एक मोडके खोके अडकलेले होते. त्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहत असे. पत्त्यांतल्या बदामासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे आणि आवाज न करणारे पंख. मालकांची एक रीत होती. संध्याकाळ झाली की ते मला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ नेत आणि दार उघडत. उंदराला म्हणत, "पळ. कुंपणापर्यंत पोचलास तर तुझं नशीब, नाहीतर घुबडाचं." उंदीर सुसाट सुटे आणि वरून एक पांढरी सावली उतरे. कधी उंदीर जिंके, बहुतेकदा सावली.

मालकांची मुलगी तेव्हा लहान होती. तिला ते सांगत, "ही घुबडं म्हणजे आपले रखवालदार. बिनपगारी, फुल अधिकारी." मुलगी हसे. तुळईखाली पडलेले राखाडी गोळे ती काडीने उकलून पाही. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि हाडे व केस गोळा करून तोंडावाटे टाकून देते, हे तिला त्या गोळ्यांतून कळले. ते माझे वैभवाचे दिवस होते. शेजारपाजारचे लोक मला मागून नेत आणि परत करताना म्हणत, "पिंजरा असावा तर असा." ते ऐकून माझ्या तारा ताठ होत.

वर्षे गेली. मालक वारले. ती मुलगी आता मोठी झाली होती. हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. तिच्या धाकट्या भावाला सगळे बारक्या म्हणत. लहानपणी तो काडीसारखा होता, म्हणून ते नाव पडले. पुढे तो इतका फुगला की पोत्यांच्या दोन थप्प्यांमधून जाताना त्याला आडवे व्हावे लागे, पण नाव बारक्याच राहिले.

एक दिवस बारक्या निळ्या वड्यांनी भरलेला डबा घेऊन आला.

"ताई, आता ही पिंजऱ्याची रोजची खटखट बंद. या वड्या भिंतीकडेने टाकायच्या. उंदीर खातो आणि चार-पाच दिवसांनी कुठेतरी जाऊन गप मरतो."

"चार-पाच दिवस कशाला लागतात?"

"लगेच मेला तर बाकीचे शहाणे होतील ना. बनवणारे काय तुझ्यासारखे भोळे आहेत?"

ताईने वर तुळईकडे पाहिले. "आणि घुबडं?"

"घुबडं वड्या खातात होय? त्यांना रोज ताजं मांस लागतं. थाट बघ त्यांचा."

ताईला ते पटले. मित्रांनो, ऐकताना मलाही त्यात काही चुकीचे दिसले नाही. घुबड काही वडी खात नाही. मला फळीवर, एका फुटक्या नरसाळ्याशेजारी ठेवून दिले. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने दारात जाळे विणले.

फळीवरून मला सारे गोदाम दिसे. उंदीर कमी झाले, हे खरे. पण उरलेले विचित्र वागू लागले. पूर्वी दिवसाढवळ्या उंदीर दिसणे म्हणजे नवलच. आता ते भर दुपारी भिंतीकडेने रमतगमत चालत, मध्येच थांबत, पाण्याच्या थेंबाला तोंड लावून बसत. ही कसली चाल? मला चैन पडेना. मग एका सकाळी घुबडांच्या जोडीतला नर कुंपणाशी मरून पडलेला सापडला. अंगावर कुठे जखम नव्हती. चोचीशी तेवढा रक्ताचा एक थेंब होता. "वय झालं असेल," बारक्या म्हणाला.

तेव्हा खोक्यात चार पिल्ले होती. घुबडाची मादी सगळी अंडी एकदम घालत नाही. एक घालते, मग थोडे थांबून दुसरे. म्हणून पिल्ले पायऱ्यांसारखी असतात. थोरले चांगले दांडगे आणि धाकटे मुठीएवढे. आई घास घेऊन आली की थोरले पुढे घुसून पहिला घास पटकावते. त्याचे पोट भरले की दुसऱ्याची पाळी. धाकट्याच्या वाट्याला उरलेसुरले.

आता आई एकटी आणि तोंडे चार. पिल्ले दिवसभर चोंदलेल्या नाकाने श्वास घ्यावा तशी फुसफुसत. ताईला ते ऐकवेना. तिने मला फळीवरून उतरवले, जाळे पुसले, दाराच्या स्प्रिंगला तेल घातले.

"मी मदत करते तिला. बाबा करायचे तसं," ती म्हणाली.

बारक्याने डोके खाजवले. "पण आपण वड्या टाकतोय ना?"

"म्हणूनच मेलेला उंदीर मी त्यांना मुळीच देणार नाही. ते मी पुरून टाकते. पिंजऱ्यात सापडेल तो, जिवंत, चालताफिरता देईन. जिवंत आहे म्हणजे त्याने विष खाल्लेलं नाही."

"हां, हे बरोबर," बारक्या म्हणाला. दोघेही माझ्यावर विसंबले. हा जिवंत पकडतो, मग काळजी कसली? वडी खाल्ल्यावरचे ते चार-पाच दिवस कुणालाच आठवले नाहीत.

पहिलाच उंदीर आला आणि मी चमकलो. मला उंदीर ठाऊक आहेत. दार पडले की तो वेडापिसा होतो, तारा कुरतडतो, तळ उकरतो. हा मात्र दार पडल्यावर नुसता कोपऱ्यात अंग फुगवून बसला. ताईने मला उचलले तरी त्याने पाहिले नाही. अंगणात दार उघडले तेव्हा तो दोन पावले चालून थांबला. पांढरी सावली उतरली. त्या संध्याकाळी पळापळ झालीच नाही.

मला ओरडावेसे वाटत होते. पण मला एकच शब्द येतो, 'खट्'. आणि तो तर मी बोलून चुकलो होतो.

पुढेही तसेच. उंदीर येत, बसून राहत, ताई त्यांना सोडी आणि आई पिल्लांकडे नेई. एका सकाळी थोरले पिल्लू तुळईखाली पडलेले दिसले. ताईने त्याला ओंजळीत घेतले. पंखांना नुकती पिसे फुटत होती.

"भुकेने गेलं रे," ती म्हणाली. "चौघांना एक-दोन उंदीर कसे पुरतील? माझंच कमी पडलं."

मग ती मला सकाळीही लावू लागली, दुपारीही. आणि मी पकडत गेलो. इतके उंदीर तर माझ्या उमेदीच्या काळातही सापडले नव्हते. हमाल म्हणाला, "म्हातारा फॉर्मात आलाय बघा. मला पण तेल लावा ताई, मी पण पळेन." सगळे हसले. मित्रांनो, त्या कौतुकाने माझ्या तारा ताठ झाल्या नाहीत, त्या टोचू लागल्या. मी हुशारीने पकडत नव्हतो. उंदरांनाच पळवत नव्हते.

मग दुसरे पिल्लू गेले. त्याच दुपारी आई पाण्याच्या टाकीच्या कडेला पंख सैल सोडून बसलेली दिसली. रानटी पक्षी, माणसाची सावली पडली तरी उडणारा. पण ताई अगदी जवळ गेली तरी ती हलली नाही. ताईने तिला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतले आणि बारक्याला हाक मारली. तो शिडी घेऊन धावत येईपर्यंत आईची मान कलंडली होती.

"उरलेली दोन खाली काढ," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका कोरडा होता, की बारक्याने शिडी आपल्याला पेलेल का, हेही विचारले नाही. तो वर चढला. पिल्लांना डॉक्टरकडे न्यायला हवेशीर असे दुसरे काहीच नव्हते. तिने माझ्यात फडके अंथरले आणि दोघांना माझ्यात ठेवले. मी उंदरांचा पिंजरा, आणि माझ्यात घुबडाची पिल्ले. वाटेत तिसऱ्याच्या चोचीतून रक्त ठिबकू लागले. फडके ओले होऊन ते माझ्या लाकडात मुरले. तोच हा डाग.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हा उंदरांचा पिंजरा ना? यातलेच उंदीर यांना घालत होता?"

"हो. पण सगळे जिवंत," ताई म्हणाली. "एकसुद्धा मेलेला नाही."

"आधी कुठलं पिल्लू गेलं?"

"थोरलं. मग त्याच्या पाठचं. भुकेने गेली बिचारी."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून ताईसमोर बसल्या. "भुकेने मरायची असती, तर आधी धाकटं गेलं असतं. त्याला सगळ्यात कमी मिळतं. तुमच्याकडे उलटं झालं. ज्याला पोटभर मिळालं ते आधी गेलं. म्हणजे कमतरता घासाची नव्हती, घासातच काहीतरी होतं. गोदामात वड्या टाकता का?"

बारक्याने जमिनीकडे पाहत मान हलवली.

"वडी खाल्ली की उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस हिंडतो, आणि त्या दिवसांत पुन्हा पुन्हा तीच वडी खातो. रक्त गोठायचं बंद होतं, अंगातली शक्ती जाते. मग तो घुबडालाही सहज सापडतो आणि पिंजऱ्यातही. विष त्याच्या यकृतात साठलेलं असतं. असे बरेच उंदीर एका घुबडाच्या पोटात गेले, की सगळ्यांचं विष एका जागी जमा होतं. शेतात फवारतात तेव्हाही हेच. अळी पान खाते, चिमणी अळ्या खाते, ससाणा चिमण्या खातो. वर जावं तसं विष साठत जातं."

मग बारक्या हळूच म्हणाला, "मला वाटलं, विष वडीतच संपतं."

"आणि मला वाटलं, जिवंत म्हणजे चांगलं," ताई म्हणाली.

विषावर उतारा म्हणून डॉक्टरीणबाईंनी के जीवनसत्त्व टोचले आणि पुढे बरेच दिवस द्यायला थेंब दिले. तिसरे पिल्लू त्याच संध्याकाळी गेले. धाकटे उरले, ज्याच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले येई ते. ताईने त्याला कोंड्याच्या टोपलीत ठेवले आणि कोंबडीवाल्याकडून आणलेले तुकडे भरवून वाढवले. माझ्यातला एकही उंदीर तिने त्याला दाखवला नाही.

बारक्याने हातमोजे घालून कोपऱ्याकोपऱ्यातली प्रत्येक वडी वेचली. तो ती मागच्या नाल्यात फेकणार होता. ताईने त्याचा हात धरला. "आता बगळ्यांची पाळी का?" मग त्या डब्यात बंद करून, घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिल्या. त्याने बिळे जाळी आणि सिमेंटने बुजवली, खाद्य झाकणाच्या पिंपांत ठेवले, सांडलेला दाणा रोज झाडू लागला. मित्रांनो, उंदीर खायला मिळते तिथे येतो. खायला मिळेनासे झाले की जातो. इतकी सोपी गोष्ट आम्हाला किती महागात पडली!

ताई शेजारच्या गोदामांतही गेली. एकाने विचारले, "म्हणजे घुबडासाठी आम्ही उंदीर पाळायचे?" बारक्या म्हणाला, "उंदीर आत्ताच पाळताय तुम्ही, उघड्या पोत्यांवर. घुबड त्यांना पाळणार नाही, खाईल." काहींनी वड्या उचलल्या, काहींनी हसून पाठ फिरवली.

धाकटे आता मोठे झाले आहे. दिवसा तुळईवर झोपते. अंधार पडू लागला की माझ्यावरून निघते, एकदा अंगणावर घिरटी घेते आणि कुंपणापलीकडे जाते. पलीकडे किती गोदामे आहेत, कुणाच्या कोपऱ्यात काय ठेवलेले आहे, ते आम्हाला माहीत नाही. म्हणून मी अस्वस्थ असतो. माझ्यात अजून कधीमधी उंदीर येतो. तो तारा कुरतडू लागला की माझ्या जिवात जीव येतो, पण पुरता नाही. वडी खाल्ल्याच्या पहिल्या दिवशी उंदीर असाच ताजातवाना असतो, हे आता मला कळले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी उंदीर झाले तर आधी झाकण शोधा, बीळ बुजवा, माझ्यासारख्या एखाद्याला फळीवरून उतरवा. विषाला हात लावायची वेळ आलीच, तर थांबून विचारा, की हे जो खाईल, त्याला कोण खाईल? आणि त्याला कोण? आई चोचीत घेऊन आली की पिल्लू नुसते तोंड उघडते. तो घास कुठून आला, हे ते विचारत नाही. ते तुम्हाला विचारावे लागेल.

अंधार पडतो आहे. धाकटे आत्ताच बाहेर गेले. ताई दाराशी उभी आहे, मी तिच्या पायाशी आहे. ते परत आल्याशिवाय ती कडी लावत नाही.