अप्पांची सीट

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एका अरुंद पुलावर वहिनी माझ्यावरून उतरली आणि उजवा गुडघा दाबत कठड्यावर बसली. पुढे गेलेली चिमी, म्हणजे तिची नणंद, मागे वळून आली. घाट चौथ्या दिवशी लागणार होता. समुद्र त्याच्याही पलीकडे.

मित्रांनो, त्या कठड्याला टेकवून ठेवलेली काळी, मधल्या दांडीची, जागोजाग रंग उडालेली सायकल म्हणजे मी. मला गियर नाहीत. माझी घंटी मात्र अजून दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाते.

मी कारखान्यातून सुट्या भागांत आले. दुकानदाराने मला जोडलं, चाकांचा आउट काढला, म्हणजे ती न डगमगता सरळ फिरतील अशी केली, आणि वहिनीच्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, हवाली केलं. अप्पा घरोघरचे विजेचे मीटर बघायचे. दर फाटकापाशी थांबायचं, एक पाय जमिनीला टेकवायचा, आकडा टिपायचा आणि पुढे निघायचं. मुळात त्यांची उंची बेताची, त्यात हा सारखा पाय टेकायचा धंदा. म्हणून माझी सीट त्यांनी अगदी खाली ठेवली होती. लोक म्हणायचे, अप्पांची सायकल दिसली की घड्याळ लावून घ्यावं. मला ते आवडायचं. घरात माझ्याबाबत एकच नियम होता: सीटला हात लावायचा नाही. अप्पांची मुलं, दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, आणि चिमी, माझ्यावरच सायकल शिकली. त्यांनी गुडघे फोडून घेतले, पण सीट कुणी हलवली नाही.

पुढे दादाने स्कूटर घेतली, अप्पा निवृत्त झाले आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या वाळू लागल्या. त्याचं रडगाणं मी गाणार नाही. चाकं शाबूत होती आणि मला अजून बरंच जायचं होतं.

चिमी पोहायला शिकवते. तिने गियरवाली सायकल घेतली आणि समुद्रापर्यंत जाणार असं जाहीर केलं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या वहिनीने मान वर न करता सांगितलं, “मीपण येते. इतकी वर्षं पाय मारतेय, पण जागच्या जागी. आता जरा पुढे जाऊन बघते.”

दादा हसला. म्हणाला, तिसऱ्या दिवशी फोन येईल, न्यायला या म्हणून. अप्पांनी जिन्याखाली जाऊन मला बाहेर काढलं, पुसलं आणि सुनेच्या हाती दिलं.

वहिनीने स्वतः शिवून माझ्या कॅरियरला अडकवलेल्या ताडपत्रीच्या पिशव्या पहिल्या दिवशी तिच्या टाचांना लागत होत्या. मुक्कामावर तिने पट्टे उसवले आणि पिशव्या मागे सरकवून पुन्हा शिवल्या. दुसऱ्या दिवशी टाचा सुटल्या, पण गुडघा धरला. कारण मला माहीत होतं. सासऱ्यांहून ती वीतभर उंच. पायडल तळाला गेलं तरी तिचा पाय सरळ होत नव्हता. गावात बाजारापुरतं हे चाललं असतं. दिवसभराच्या रस्त्याला नाही.

आता पुलावर चिमीनेही तेच सांगितलं. सीट वर घे.

“अप्पांची आहे ती,” वहिनी म्हणाली.

“अप्पा बसलेत का तिच्यावर आत्ता?”

“तू लेक आहेस, तुझे सगळे लाड होतील. माझ्या हातून काही मोडलं तर? इतक्या विश्वासाने दिलीय त्यांनी.”

चिमी म्हणाली, मग बस पकड आणि घरी जा. वहिनी गुडघा चोळत राहिली. घरी जायचं म्हणजे दादाचा शब्द खरा करायचा, एवढंच नव्हतं. मशीनही पायाचंच. तशीच पुढे गेली आणि हा गुडघा बसला, तर तिचं काम बसणार होतं. आणि आत्ता परतली, तर पुन्हा निघणं व्हायचं नाही, हेही ती ओळखून होती.

ती मला हाताने ढकलत पुढच्या गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजपर्यंत घेऊन गेली. तिथे एका उलट्या डब्यावर बसून तिने अप्पांना फोन लावला. जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, उन्हात फिरत नाही ना, असं सगळं विचारून झाल्यावर तिने सीटचं विचारलं.

“अगं, ती गंजून बसलीय,” अप्पा म्हणाले. “मलाच हलवता येईना. पोरं ओढाताण करून सीटखालचा दांडा मोडतील म्हणून म्हणायचो, हात लावू नका. तुझ्याकडून हलली तर मला सांग.”

चिमी हसत हसत जमिनीवरच बसली. आमचं सगळं बालपण त्या गंजाचा मान ठेवण्यात गेलं, म्हणाली. वहिनी हसली नाही. तिने गॅरेजवाल्याकडे तेल मागितलं.

त्याने बोल्ट सैल करून खाचेत तेल सोडलं आणि सगळ्यांना चहा पाजला. मग चिमीने माझं पुढचं चाक गुडघ्यांत आवळलं आणि वहिनीने दोन्ही हातांनी सीट धरून पिळली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मला दुखलं. पण करकरत सीट फिरली तेव्हा वाटलं, हे फार आधी व्हायला हवं होतं. दांडा घासला, ग्रीस लावलं आणि सीट चार बोटं वर आली. गॅरेजच्या अंगणात वहिनी दोनदा चिमीच्या अंगावर पडली, कारण आता तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते. तिसऱ्यांदा ती उतरायला शिकली. मग तिने अप्पांना पुन्हा फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी वस्तू असेल, हात लावायचा नाही म्हणून ठेवलेली. तिचे बोल्ट अधूनमधून सैल करा, तेल द्या, पुन्हा आवळा. आणि जो वापरणार असेल त्याच्या मापाची करून द्या. आम्हाला तेवढंच लागतं.

आज चौथा दिवस. गुडघ्याची सूज उतरली आहे. दुखायचं थांबलं, असं मात्र वहिनीने अजून म्हटलेलं नाही. घाटाची दोन वळणं झाली. तिसऱ्यावर चढ इतका उभा आहे की चिमी गियरवाली सायकल हातात धरून चालते आहे. वहिनी अजून माझ्यावर आहे.