फियाट सरळ चालते

हेरंब केळकरांची जुनी फियाट वीस वर्षं डावीकडे ओढत होती, आणि वीस वर्षं हेरंबरावांना त्याचा भारी अभिमान होता. "ही माझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही," असं ते गिरगावातल्या त्यांच्या चाळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणारे मान डोलवत, कारण ऐकून घेतलं की हेरंबराव दादरपर्यंत फुकट सोडायचे.

त्यांच्या पत्नीचा, सुरुचीबाईंचा, मात्र या अभिमानाने जीव मेटाकुटीला आला होता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्या हट्टाने गाडी शिकल्या, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं. हेरंबरावांनी चाळभर पेढे वाटले आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. "स्टिअरिंगचं काम करून घेऊ. गाडी सरळ चालायला लागली, की तुझ्याच हातात!" या वचनाला दोन वर्षं झाली होती. सुरुचीबाईंना गाडी चालवायची होती, मनापासून चालवायची होती, आणि आता साठीही उलटून गेली होती.

शेवटी स्टिअरिंगच असं ढिलं झालं, की पाव फेरा फिरवला तरी चाकांना पत्ता लागेना. गाडी लालबागला गुणाजीच्या गॅरेजात गेली. गुणाजी मूळचा मालवणकडचा, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. त्याने स्टिअरिंग बॉक्स उघडला, झिजलेलं सगळं बदललं, मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून, एक डोळा मिटून चाकं सरळ केली. वर कंप्युटरवाल्याकडूनही तपासून आणली. हेरंबरावांनी नारळ फोडला, चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आता उजवीकडे ओढतेय."

गुणाजीने पुन्हा सुतळी ताणली. माप बरोबर होतं. स्वतः भारतमाता टॉकीजपर्यंत चालवून आणली, सरळ गेली. हेरंबरावांनी दुसरा नारळ फोडला आणि परत येऊन तेच म्हणाले. गुणाजीने कंप्युटरचा कागद पुढे केला, तर म्हणाले, "गाडी कागदावर नाही, रस्त्यावर चालते." घरी त्या आठवड्यात दोनदा सोलकढी आणि एकदा नारळाच्या वड्या झाल्या.

सुरुचीबाईंना आधी वाटलं, चावी द्यावी लागू नये म्हणून हे सोंग आहे. त्यांना रागही आला, वाईटही वाटलं. म्हणून तिसऱ्या चकरेला त्या शेजारी बसल्या आणि रस्ता सोडून नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिल्या. सोंग नव्हतं. गाडी सरळ निघाली, की उजवा हात आपसूक स्टिअरिंगला खाली, उजवीकडे ओढायचा. वीस वर्षं डावीकडची ओढ सावरून त्या हाताला सवयच जडली होती. गाडी वळायच्या आधी हात वळत होता, आणि बिचाऱ्या माणसाला त्याची गंधवार्ता नव्हती.

गॅरेजात परतल्यावर हेरंबरावांनी फर्मान सोडलं, "गुणाजी, पुरे झालं. पहिल्यासारखी थोडी डावीकडे ओढणारी करून टाक."

"सायेब म्हणतत तशी करून दितंय," म्हणत वैतागलेल्या गुणाजीने पाना उचलला.

सुरुचीबाई चटकन पुढे झाल्या. तो पाना एकदा फिरला, की टायर घासणार, चावी खिशातच राहणार आणि गाडी पुन्हा एकट्याचंच ऐकणार. त्यांनी गुणाजीला पाणी मागायच्या निमित्ताने आत गाठलं आणि कानात चार वाक्यं सांगितली. गुणाजी बाहेर आला तो अगदी गंभीर चेहऱ्याने.

"सायबानू, एक चाचणी रवली हा. मालकाचा वजन मागच्या सीटवर लागता. त्याशिवाय खरा माप मिळाचा नाय."

हेरंबराव पस्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत होते. कुणी खात्रीने नियम सांगितला, की त्यांना तो पटायचाच. ते मुकाट्याने मागे बसले. गुणाजी पुढे डावीकडे बसला. स्टिअरिंगवर कोण बसणार हे विचारायचं सुचेपर्यंत सुरुचीबाईंनी गाडी सुरू केली होती.

रविवारची सकाळ होती. शिवडीच्या गोदामांकडचा रस्ता मोकळा, मधोमध पांढरा पट्टा. सुरुचीबाईंनी वेग धरला, घसा खाकरला आणि दोन्ही तळवे स्टिअरिंगपासून बोटभर उचलले. गाडी पट्ट्याला धरून सरळ चालली होती.

"सायबानू," गुणाजी मागे वळून म्हणाला, "तुमचो हात खंय चललो?"

हेरंबरावांनी खाली पाहिलं. दोन्ही मुठींनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून ते ती उजवीकडे ओढत होते. त्यांनी हात सोडले, मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिले. सुरुचीबाईंना हसू आवरत नव्हतं आणि नवऱ्याची दयाही येत होती.

गुणाजीला सोडून गिरगावात शिरले तेव्हा चाळीचे तिन्ही मजले कठड्याला टेकले होते. केळकरांची फियाट, स्टिअरिंगवर बाई आणि मालक मागे, हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. हेरंबराव उतरले तशा पहिल्या मजल्यावरच्या आनंदीबाई ओरडल्या, "काय हो हेरंबराव, आज मागे?"

हेरंबरावांनी क्षणभर बायकोकडे पाहिलं. मग उजवं मनगट डाव्या हातात धरून चेहरा कसनुसा केला. "हात लचकलाय हो. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे गाडी चालवायची नाही."

सुरुचीबाईंनी गाडीला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि वर बघून, अगदी काळजीच्या सुरात म्हणाल्या, "सहा आठवडे नाही हो आनंदीबाई, सहा महिने."