बर्फीचं लोटांगण

पाहुणे बोलवायचे हेमलताने आणि बसवायचे मोठ्या जावेच्या बैठकीत, ही तिची जुनी खोड. अलकनंदाबाईंनी ती सोसली होती. भिशी सोसली, हळदीकुंकू सोसलं. पण त्या रविवारी हेमलताने चक्क एक बाबा आणून बसवला. न विचारता, आणि वर अलकनंदाबाईंच्या खुर्चीत!

"वहिनी, रागावू नका ना. खालच्या मजल्यावर आमच्याकडे जागा कुठे आहे?" हेमलता कुजबुजली.

"जागा नव्हती तर बाबा कशाला आणलास? एखादं रोपटं आणायचं होतंस."

बोलून उपयोग नव्हता. दिल्लीतल्या पहाडगंजच्या त्या घराचा जिना एव्हाना माणसांनी भरला होता. मराठी शाळेतल्या मुलांच्या आया होत्या, समोरच्या हॉटेलचे सरदारजी होते, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं कुटुंबही होतं. थंडीने सगळे एकमेकांना चिकटून बसले होते. बाबाचं नाव जीवमित्र महाराज. मुक्या जनावराचं कुठलंही दुखणं म्हणे नुसत्या दर्शनाने बरं करतो. सकाळी दिल्लीजवळच्याच मानेसरहून शेअर ऑटो बदलत बदलत निघालेला हा माणूस जिना चढेपर्यंत थेट हिमालयातून आलेला झाला होता.

आणि बोलावलं होतं कुणासाठी? बर्फीसाठी. अलकनंदाबाईंच्या म्हाताऱ्या पांढऱ्या मांजरीसाठी.

बर्फीला संधिवात होता. एके काळी दाराची बेल वाजली की सगळ्यांत आधी तीच पुढे, आल्यागेल्याच्या पायांत घोटाळायची, आणि संध्याकाळी अलकनंदाबाईंची मांडी तिच्या हक्काची. मग मागचे पाय आखडले. जनावरांची डॉक्टर अरुणा, तिने थेंबांचं औषध दिलं, ते काही महिन्यांपासून चालू होतं, चालही सुधारली होती. पण बर्फी माणसांतून उठली ती उठलीच. कुणी दिसलं की दिवाणाखाली. अलकनंदाबाईंनी हाक मारली तर आणखी आत. बाई कुणाला बोलल्या नाहीत, पण मांडी रिकामी राहिली ते त्यांच्या जिवाला लागलं होतं.

हेमलताने निदान करून टाकलं होतं, "हाडं सुधारली, पण मन फिरलंय. बाहेरचं काहीतरी आहे."

बाबाने डोळे मिटले. अंगावरची भगवी शाल दोन्ही हातांनी उघडून झटकली.

दिवाणाखालून एक पांढरं नाक बाहेर आलं. मग मिशा. मग सगळी बर्फी. एवढ्या गर्दीतून, पायांच्या मधून वाट काढत ती सरळ खुर्चीकडे निघाली. शालीच्या टोकावर तिने गाल घासला, लाळ गाळली आणि बाबाच्या पायाशी आडवी होऊन या कुशीवरून त्या कुशीवर लोळू लागली.

"लोटांगण!" हेमलता ओरडली. "अहो, लोटांगण घातलं तिने!"

खोलीभर हात जोडले गेले. कुणी रडलंसुद्धा. अलकनंदाबाईंचे हात मात्र पदराशीच राहिले. आपल्याला पाठ दाखवणारी बर्फी या उपटसुंभापुढे लोळते?

"देखा?" बाबाने एक डोळा उघडला. "यह आत्मा कब से हमारी राह देख रही थी. अंग्रेज़ी दवा ने इसका मन बाँध दिया था. आज से दवा बंद. कहाँ है वह शीशी? हम गंगाजी में बहा देंगे."

हेमलताने फळीवरची बाटली उचलून दिली, ती बाबाच्या झोळीत गेली. झोळीतून एक पुडी बाहेर आली.

"यह भस्म दूध में. अभी, सबके सामने."

अलकनंदाबाई पुढे झाल्या. राखेत पांढरे कण चमकत होते. "इसमें क्या है, महाराज?"

"श्रद्धा, माताजी."

"श्रद्धा कूटने पे सफ़ेद निकलती है क्या?"

"वहिनी!" हेमलताने कानांवर हात ठेवले आणि बशी आणायला खाली धावली.

अलकनंदाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन डॉक्टर अरुणाला फोन लावला. पलीकडून हॉर्नचा गोंगाट आला.

"काकू, काहीही चाटू देऊ नका! असल्या पुडीत काय असेल सांगता येत नाही. आपली तापाची साधी गोळी कुटून घातलेली असली तरी मांजर जातं, काकू. मी निघालेच, पण ट्रॅफिक आहे."

बाईंनी फोन ठेवला. बशी लाथाडणं सोपं होतं. पण आज लाथाडली तर उद्या हेमलता गुपचूप पाजणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बशी नव्हे, ते लोटांगणच उलथवायला हवं होतं. पण कसं?

बाबाने शाल झटकली तेव्हा कसला तरी ओळखीचा वास आला होता. उग्र, मातकट, ओल्या मुळासारखा. मंदिरातला नव्हे, घरातला. त्यांची नजर फळीवर गेली. हिवाळा लागला की त्या डोक्याचं तेल घरीच कढवत. वाळा, नागरमोथा, आणि... त्यांनी एक डबा उघडून नाकाशी धरला.

जटामांसी!

मागच्या हिवाळ्यात हाच डबा ओट्यावरून सांडला होता आणि बर्फी इथे, याच फरशीवर, दुपारभर लोळली होती. तेव्हा कुणी त्याला लोटांगण म्हटलं नव्हतं. "माजली म्हातारी," म्हणून सगळे हसले होते.

बाहेर बशीत दूध पडल्याचा आवाज आला. बाईंनी मूठभर मुळ्या चुरगाळल्या, मोरीपाशी धुवायला टाकलेलं दारातलं पायपुसणं उचललं, त्यावर त्या खसाखसा चोळल्या आणि त्या बैठकीत आल्या.

हेमलताने बर्फीला कमरेत धरून उचललं होतं. दुखऱ्या जागी हात पडला तशी बर्फी किंचाळली. "भूत निकल रहा है," बाबा म्हणाला. हेमलताने तिला बशीपुढे ठेवलं. बर्फीने मान खाली घातली. दूध तिच्या मिशांना लागायचं तेवढं बाकी होतं.

"थांबा!" अलकनंदाबाईंनी पायपुसणं खोलीच्या दुसऱ्या टोकाला फटकन झटकून टाकलं. "आमच्या घरात आणखी एक महाराज आहेत. त्यांचंही दर्शन होऊ दे."

बर्फीचे कान वळले. नाक हललं. ती बशीपाशी क्षणभर घुटमळली, मग वळली, पाय ओढत पायपुसण्याशी गेली, गाल घासला, लाळ गाळली आणि त्या कळकट चिंधीवर या कुशीवरून त्या कुशीवर लोळू लागली.

अलकनंदाबाईंनी तेवढ्यात बशी उचलून उंच फळीवर ठेवली. "चला, आता पायपुसण्याची आरती करा. कोण म्हणतंय आधी?"

आधी सरदारजी हसले. मग जिन्यापर्यंत हसू गेलं.

"माताजी, यह वस्त्र भी पवित्र होगा," बाबा चाचरला.

"बिल्कुल. पूरा मोहल्ला इस पे चप्पल पोंछता है."

डॉक्टर अरुणा धापा टाकत आली तेव्हा बाबा चपला शोधत होता. तिने शालीचं टोक हुंगलं, डबा हुंगला. "काही वनस्पतींच्या मुळांचा वास मांजरांना वेड लावतो. त्यात भक्ती नाही, नाक आहे. आणि ती लोळू शकली, कारण इतके महिने औषध पोटात गेलंय. औषधाने कमावलं, ते बाबाने खिशात घातलं."

"आणि पुडीत काय आहे?" सरदारजींनी विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगणार नाही. तपासल्याशिवाय पाजणारही नाही. एवढाच तर फरक आहे आमच्यात आणि यांच्यात."

अलकनंदाबाईंनी झोळीत हात घालून आपली बाटली काढून घेतली. हिमालय जिना उतरला.

हेमलता मात्र हटेना. "मग ती आमच्यापासून लपते का?"

"औषध कुठे देता?" अरुणाने विचारलं.

"वहिनींच्या मांडीवर. टॉवेलात गुंडाळून. मी तोंड उघडते."

"म्हणजे लाडाची जागा तीच आणि जबरदस्तीची जागाही तीच. ती कशी येईल?"

अलकनंदाबाईंनी तो टॉवेल घडी करून कपाटात टाकला. त्या दिवसापासून थेंब उकडलेल्या चिकनच्या घासात, तेही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि तिथे लाड नाहीत. खिडकीतल्या उन्हापर्यंत चढायला बुटकं स्टूल आलं, खाली गोधडी आली. पाहुण्यांना ताकीद मिळाली: उचलायचं नाही, ती येईल तेव्हा हात पुढे करायचा.

लगेच काही झालं नाही. थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी दोघी जावा गच्चीच्या दारात मटार सोलत बसल्या होत्या. बर्फी आली, शेंगांची टोपली हुंगली, थोडा विचार केला आणि अलकनंदाबाईंच्या मांडीवर चढून बसली. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हेमलताला राहवलं नाही. "काही म्हणा वहिनी, बाबांची नजर पडली होती, म्हणूनच..."

"हेमलता," अलकनंदाबाई बर्फीला धक्का न लावता, पण खाली रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू हात जोडलेस, त्याचं मला काही नाही. पण हात जोडताना नाक, डोळे आणि डोकं तिन्ही मिटून घेतलंस, आणि त्यापायी हिचा जीव जात होता. यापुढे माझ्या घरात वाटेल त्या बाबाला आण. फक्त त्याची शाल आधी दाराशी, पायपुसण्याशेजारी ठेवायची. मांजर कुठे लोळतं ते बघू, मग पाया पडू."