पोचट ओंब्या

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आपण त्याच्याशी थोडंफार खोटं बोलतो. डॉक्टरांचं म्हणणं निम्मंच सांगतो, चेहरा हसरा ठेवतो, आणि त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही. एल्मर हॉगेनलाही वाटत नव्हतं. फक्त तो आपल्या भावाशी खोटं बोलत होता ते दुखण्याबद्दल नव्हे, गव्हाबद्दल.

दर रविवारी दुपारी तो पिकअप काढून ऐंशी किलोमीटरवरच्या शहरातल्या शुश्रूषागृहात जायचा. थोरला भाऊ इंग्व्हाल्ड तिथे खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेला असायचा. गेल्या नोव्हेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पण एल्मर दारात दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गहू कसा आहे?

"गुडघ्याला लागलाय," एल्मर सांगायचा. "ओंब्या भरताहेत छान. तू बघायला हवा होतास."

इंग्व्हाल्ड मान हलवायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. मग दोघं कॉफी प्यायचे, आणि तासाभराने एल्मर परत निघायचा.

दोघंही बिनलग्नाचे. आजोबांनी नॉर्वेहून येऊन कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर पहिला नांगर घातला, तेव्हापासूनची ही जमीन. वडील गेल्यावर अडतीस वर्षं या दोघांनी ती मिळून कसली. पेरणी इंग्व्हाल्ड करायचा, फवारणी एल्मर. बोलायचं काम इंग्व्हाल्डचं आणि हसायचं एल्मरचं. सकाळी नऊला गावातल्या सहकारी दुकानात लांब टेबलाभोवती शेतकरी कॉफीला जमायचे, तिथेही इंग्व्हाल्ड किस्से सांगायचा आणि एल्मर शेजारी बसून गालात हसायचा. एवढ्यात त्याचं आयुष्य भरून गेलं होतं.

यंदा तो पहिल्यांदाच एकटा होता, आणि नेमकं यंदाच आभाळ फिरलं.

हिवाळ्यात बर्फ नावालाच पडलं. मे महिन्यात एक सर आली, तेवढ्या ओलीवर गहू उगवला. पुढे काहीच नाही. जूनच्या अखेरीस गहू फुलोऱ्यात आला आणि पारा चाळिशीला जाऊन टेकला. सलग सात दिवस तो तिथून खाली उतरला नाही. वर दक्षिणेचा कोरडा वारा, भट्टीचं दार उघडावं तसा. फुलोऱ्यातल्या गव्हाला असा ताव बसला की दाणा धरत नाही. ताटं वीत-दीड वीत वाढून थांबली, ओंब्या पांढऱ्या पडल्या. दुसऱ्या तुकड्यातल्या मसुराची फुलं गळून गेली. उरलं ते नाकतोड्यांनी धरलं. शेततळ्याच्या काठावर खाराचा पांढरा पट्टा दर आठवड्याला रुंद होत गेला.

एल्मरने कॉफीला जाणं सोडलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो दुकान उघडताच सामान घेऊन यायचा. तरी कुणी गाठलंच, तर "कसं काय, एल्मर?" ला "काही तक्रार नाही" म्हणून निसटायचा. त्या मुलखात हे उत्तर सगळेच देतात. छप्पर उडालं तरी देतात. कुरकुर करणारा माणूस तिथे हलका समजला जातो.

हळूहळू घरात त्याचा स्वतःचा आवाजही ऐकू येईनासा झाला. डबाबंद घेवडा गरम करून तो ओट्यापाशी उभ्यानेच खायचा, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. एकदा हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या रेडिओवरच्या बाईला तो "आभारी आहे" म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने म्हणालो हे कळल्यावर रेडिओ बंद करून तसाच उभा राहिला.

जुलैच्या मध्याला त्याने ठरवलं, रस्त्याकडेचा गहू नांगरून मातीत घालायचा. एकशे साठ एकरांचा तो तुकडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरायचा. इंग्व्हाल्ड असताना लोक गाडी हळू करून ते पीक बघायचे. आता तेच लोक हे बघणार! पण पीकविम्याचा माणूस बघून जाईपर्यंत शेताला हात लावता येत नाही, म्हणून त्याने फोन केला.

माणूस नाही, बाई आली. विल्मा फ्रीझन तिचं नाव. पासष्टीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पुरुषी टोपी. तिने तारेचं एक कडं शेतात दहा ठिकाणी टाकलं, कड्यात आलेली ताटं मोजली, ओंब्या तळहातावर चोळून फुंकर मारली. भुसा उडून गेला की बहुतेक वेळा हातात काहीच उरत नव्हतं.

एल्मर तिच्या मागे मागे चालत होता, आणि जन्मात बोलला नसेल इतकं बोलत होता. पेरणीला चार दिवस उशीर झाला. खोली चुकली असेल. पेरणीचं काम भावाचं, आपल्याला त्यातलं तितकंसं कळत नाही. भाऊ असता तर ही पाळी आली नसती.

विल्मा कडं उचलता उचलता थांबली.

"हॉगेन, पाऊस काय तुमच्या भावाला विचारून पडतो?"

तिने कडं पुढच्या जागी टाकलं.

"आज हे माझं चौथं शेत. नावं सांगणार नाही, सांगायची नसतात. पण चौघांनीही मला हेच ऐकवलं. माझंच काहीतरी चुकलं, शेजाऱ्यांचं मात्र बरं आहे. हा बरं असलेला शेजारी कुठे राहतो ते मी महिनाभर शोधतेय. अजून सापडला नाही."

तिने कागदावर आकडे लिहिले आणि आता या पिकाचं काय करणार म्हणून विचारलं. एल्मरने नांगर घालणार असल्याचं सांगितलं.

"का?"

"रस्त्यावरून दिसतं."

विल्माने वही मिटली. पिकअपच्या मागच्या फळीवर टेकून तिने थर्मासमधली कॉफी दोन झाकणांत ओतली आणि एक त्याच्या हातात दिलं. मग तिने स्वतःचीच गोष्ट सांगितली. अठ्ठ्याऐंशी सालच्या दुष्काळात ती आणि तिचा नवरा एकाच टेबलावर दिवसातून तीन वेळा जेवत होते. शेत गेलंय हे दोघांनाही माहीत होतं. तो सांगत नव्हता, कारण तिला त्रास होईल. ती विचारत नव्हती, कारण त्याला लाज वाटेल. ऑक्टोबरात एका सकाळी तो गाडी घेऊन बाहेर पडला आणि तीन वर्षं शेजारच्या आल्बर्टा प्रांतात तेलाच्या विहिरींवर राहिला. स्वतःच्या आईच्या मातीला परत आला तेव्हा तिने विचारलं, का गेलास? तर म्हणाला, तुझ्याकडे काय तोंडाने बघू ते कळेना म्हणून.

"शेत दुसऱ्या वर्षी पिकलं," विल्मा म्हणाली. "जमीन माफ करते हो. पण ती तीन वर्षं आम्हाला कुणी परत दिली नाहीत. दुष्काळाने नव्हती नेली ती. आमच्या गप्प बसण्याने नेली."

एल्मरने झाकण परत केलं.

"तुमची जमीन, तुमची मर्जी," जाताना ती म्हणाली. "पण यात दाणा नसला तरी चारा आहे. गुरंवाले वणवण फिरताहेत. फक्त चारायच्या आधी तपासून घ्या. होरपळलेल्या ताटात कधी कधी विष साठतं, नायट्रेट. नमुना पाठवला की कळतं."

धुरळा खाली बसेपर्यंत एल्मर तिथेच उभा होता. बाईचं बोलणं त्याला पटलं नव्हतं असं नाही. पण पटणं वेगळं आणि कुणाच्या दारात जाऊन उभं राहणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रॅक्टरला नांगर जोडला आणि रस्त्याकडेचं शेत गाठलं.

शेताच्या पश्चिमेला तारेचं कुंपण आणि पलीकडे मर्विन लिंडचं कुरण होतं. मर्विनचं घर तीन किलोमीटरवर, पण एल्मर त्याच्याशी हिवाळ्यापासून बोलला नव्हता. कुरण जमिनीसरशी खरवडलेलं, तपकिरी. आणि कुंपणाशी गाई उभ्या होत्या. पंचवीस-तीस तरी असतील. काटेरी तारांमधून माना घालून त्या एल्मरचा तो कोरडा, पोचट गहू ओढत होत्या. तारेच्या कडेने हातभर पट्टा त्यांनी साफ केला होता. पुढचं तोंडाला येत नव्हतं, तरी त्या माना ताणत होत्या. एकीच्या गळ्यावर तारेने रक्त आलं होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

एल्मरने इंजिन बंद केलं.

ज्या पिकाची लाज वाटून आपण ते पुरायला निघालो, त्यासाठी ही जनावरं गळा कापून घेताहेत! तो बराच वेळ बघत बसला. मग ट्रॅक्टर तिथेच सोडून पायीच मर्विनच्या घराकडे निघाला, कारण पिकअप आणायला घरी गेलो तर पुन्हा बाहेर पडणार नाही हे तो स्वतःला ओळखून होता.

मर्विन गोठ्यापाशी दार दुरुस्त करत होता. भर उन्हात चालत आलेल्या एल्मरला बघून तो घाबरला. इंग्व्हाल्डला काही झालं का, हा त्याचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर दोघं टोप्या हातात घेऊन उभे राहिले. मर्विनने सवयीने "कसं काय?" विचारलं.

"वाईट," एल्मर म्हणाला. "माझा गहू गेला, मर्विन. सगळा."

मर्विनने हातातला हातोडा खाली ठेवला.

"गुरुवारी ट्रक येतोय," तो म्हणाला. "निम्मी गुरं विकतोय. आजोबांपासूनची पैदास आहे. चारा मिळत नाही कुठे."

"माझा गहू चालेल का त्यांना? तपासून घ्यावा लागेल."

मर्विन गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला. "तुझ्या फाटकापर्यंत मी तीनदा आलो होतो, एल्मर. म्हटलं, याचं पीक जळालेलं, त्यात आपण चाऱ्याची भीक कशी मागायची? तिन्ही वेळा गाडी वळवली."

त्याच दुपारी दोघांनी मिळून ताटं कापली आणि नमुने पाठवले. अहवाल येईपर्यंत मर्विनने ट्रक थोपवून धरला. रस्त्याकडेचा तुकडा चरायला ठीक निघाला. खोलगटातल्या गव्हात विष जास्त होतं, ते रान त्यांनी वगळलं. सगळं काही सावरलं नाही. अठरा गाई तरीही गेल्या, आणि त्या चढवताना मर्विन ट्रकच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. पण उरलेला कळप राहिला.

आता एकच माणूस उरला होता, आणि तोच सगळ्यांत अवघड. रविवारी एल्मर शुश्रूषागृहात गेला आणि खुर्ची ओढून इंग्व्हाल्डच्या समोर बसला. प्रश्न येण्याआधीच त्याने सांगून टाकलं. उष्णता, पांढऱ्या ओंब्या, मसूर, नाकतोडे, आणि दर रविवारचं खोटं.

"ठाऊक होतं," इंग्व्हाल्ड अडखळत म्हणाला. "तुझे बूट. मे महिन्यापासून... चिखल नाही त्यांना."

"मग बोलला का नाहीस?"

इंग्व्हाल्डने डावा हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

"वाटलं... आता मी भागीदार नाही. पाहुणा झालो. पाहुण्याला... चांगलंच सांगतात."

एल्मरला हे अपेक्षित नव्हतं. भावाचं मन राखतोय असं समजून तो सारा उन्हाळा भावाला शेताबाहेर हाकलत होता! ऐंशी किलोमीटरच्या दोन टोकांना दोन म्हातारे एकाच पिकाचं सुतक एकेकट्याने धरून बसले होते. एल्मर मान खाली घालून रडला, आणि इंग्व्हाल्डने त्याला रडू दिलं.

पुढच्या शनिवारी परवानगी काढून एल्मरने भावाला पिकअपमध्ये बसवून शेतावर नेलं. मर्विन कुंपणाशी थांबला होता. इंग्व्हाल्डने खिडकीतून डावा हात बाहेर काढला तशी एल्मरने एक ओंबी तोडून त्याला दिली. त्याने ती एका हाताने चुरगळली, फुंकली, रिकाम्या तळव्याकडे पाहिलं. समोर गाई चरत होत्या. त्यांच्या पाठीमागे रान क्षितिजापर्यंत कोरडं पडलं होतं, आणि आभाळात ढग नव्हता.

"पुढल्या साली," इंग्व्हाल्ड म्हणाला, "थोडं... लवकर पेर. सांगीन मी."

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. हिवाळा लांबला आणि घर पूर्वीइतकंच रिकामं होतं. पण एल्मर आता आठवड्यातून दोनदा शहरात जायचा, आणि भावाला जे होतं ते सांगायचा. कॉफीच्या टेबलावर जाऊन तो पहिल्याच दिवशी आपलं पीक गेल्याचं बोलला, तेव्हा क्षणभर सगळे पेल्यांत बघत राहिले. मग टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, माझंही. आणि मग एकेक करून जवळजवळ सगळेच.

मित्रहो, आभाळावर कुणाची सत्ता नाही. पीक जळालं यात कष्टकऱ्याचा दोष नसतो आणि लाजही नसते. पण आपलं दुःख झाकून ठेवण्याला आपण मोठेपणा म्हणतो, आणि शेजाऱ्याला न विचारण्याला सभ्यता. या दोन चुकांच्या मध्ये माणसं एकेकटी सुकून जातात. तेव्हा आपलं बुडालं असेल तर ते सांगावं; आणि शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत गेलोच असू, तर गाडी वळवू नये.